लोणार उजवीकडे येतं

मुंबईहून नागपूरला विमानाने जाताना लोणारचं सरोवर उजव्या हाताला येतं. दोन्ही शहरं जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली की लोणार तिच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर राहतं. विमान पूर्वेकडे चाललेलं, म्हणजे दक्षिण उजवीकडे. चौथीतल्या पोरालाही सांगता यावं इतकं सोपं आहे हे. तरीही ते सरोवर मला वर्षानुवर्षं दिसलं नाही. एखाद्या वेळी ढगांनी दगा दिला असेल. बाकीचा सगळा घोळ माझा.

माझं माहेर नागपूर, सासर ठाणे. पूर्वी जाणं-येणं विदर्भ एक्स्प्रेसने व्हायचं आणि शेगाव-अकोला झोपेतच मागे पडायचं. पुढे आईची दुखणी सुरू झाली, फोन आला की निघावं लागायचं, तशी विमानाची सवय लागली. लोणारचं वेड मात्र त्याच्या खूप आधीचं, शाळेच्या सहलीतलं. विवराच्या काठावरून आम्हा मुलींना थेट खाली पाण्यापर्यंत उतरवलं होतं. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, असं बाई सांगत होत्या आणि आम्हाला दिसत होती ती नुसती झाडी, माकडं आणि उग्र वासाचं पाणी. खड्ड्यात उभं राहून खड्डा कळत नाही. तो वरून बघायचा, हे तेव्हाच मनात बसलं.

आपल्याकडच्या या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात. ए म्हणजे डावी खिडकी, एफ म्हणजे उजवी. पहिल्या खेपेला मी नकाशा बघून एफ घेतली. जाताना रात्र होती, तेव्हा प्रश्नच नव्हता. परतीचं विमान सकाळचं. वेब चेक-इन करताना मी पुन्हा एफच घेतली, कारण एफ म्हणजे लोणार हे डोक्यात पक्कं झालेलं. येताना विमान पश्चिमेकडे तोंड करतं आणि लोणार डावीकडे जातं, ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा खाली घाट आला होता. तोवर मी मोठ्या चिकाटीने उत्तरेकडच्या, अजिंठ्याच्या बाजूच्या डोंगरांत सरोवर शोधत होते. शेजारचे गृहस्थ काहीतरी हरवलंय का म्हणून विचारून गेले.

वेळेचा हिशेबही असाच. अंतर मोजलं तर निम्म्याहून थोडं पुढे गेल्यावर लोणार, म्हणजे उड्डाणानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी. मी तिकिटावरची सुटायची वेळ धरून मोबाइलचा गजर लावला. तिकिटावर असते ती विमान जागेवरून हलायची वेळ. त्यानंतर मुंबईत धावपट्टीसाठी रांग लागते, पुढची विमानं एकेक करून उडतात, मग आपला नंबर. माझा गजर झाला तेव्हा आम्ही कळव्याच्याही पुढे गेलो नसू. गजर बंद करून मी जरा डोळे मिटले आणि उघडले ते उतरायची सूचना झाल्यावर.

हे सगळे वेंधळेपणाचे प्रकार झाले. त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. खरी चिडचिड झाली ती सगळं बरोबर करूनही हात रिकामे राहिले त्या डिसेंबरात. सकाळचं विमान, आकाश स्वच्छ, खिडकी उजवी, गजर उड्डाणापासून मोजलेला. आणि खिडकीबाहेर नुसता पांढरा भगभगाट. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, ओढणीचा आडोसा केला. खाली जमीन आहे एवढं कळत होतं, तिच्यावर काय आहे ते नाही. विमानाच्या खिडकीला काच नसतेच, ते ॲक्रिलिक असतं. वर्षानुवर्षांच्या पुसापुशीने त्यावर बारीक ओरखडे पडलेले असतात आणि समोरून ऊन आलं की ते सगळे एकदम पेटतात. मध्येच एका पाण्यावरून अशी तिरीप आली की डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचायला लागले. तेच लोणार असेल तर मी ते पाहिलं नाही, त्याने मला पाहिलं.

घरी आल्यावर कागद घेऊन बसले. डिसेंबरातला सूर्य मुळात आग्नेयेकडे कलून उगवतो आणि सकाळभर त्याच अंगाने वर चढतो. नागपूरला निघालेलं विमान पूर्वेच्या जरा उत्तरेकडे झुकून जातं, म्हणजे त्याची उजवी खिडकी दक्षिणेकडून थोडी आग्नेयेला वळलेली. थंडीतल्या सकाळी उजवी खिडकी घेणं म्हणजे पैसे मोजून सूर्याकडे तोंड करून बसणं. मी इतकी वर्षं ‘डावीकडे की उजवीकडे’ एवढाच प्रश्न विचारत होते. जागा कुठे आहे हे नकाशा सांगतो. ती दिसेल का, हे सूर्य ठरवतो आणि तो महिन्यागणिक, तासागणिक सरकतो. खिडकी घेताना आधी तिकिटावरची वेळ बघायची, मग महिना, मग नकाशा. मी हे अगदी उलट्या क्रमाने करत आले होते.

त्याच कागदावर पुढचंही निघालं. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि सकाळच्या वेळी नागपूरच्या विमानाच्या जवळपास नाकासमोर राहतो. उजव्या खिडकीत थेट ऊन नाही, खालच्या जमिनीवर मात्र बाजूने तिरपा उजेड, ज्यात खड्डा, कडा, उंचवटा सगळं सावल्यांनिशी उठून दिसतं. थंडीत हाच लाभ परतीच्या संध्याकाळच्या विमानात मिळतो, कारण मावळतीचा सूर्य नैर्ऋत्येला आणि विमानाचं तोंडही साधारण तिकडेच. हे मांडताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. त्यानंतरची चूक या हुशारीतूनच झाली.

दिवाळीनंतरचा परतीचा प्रवास. दुपार कललेली, डावीकडची खिडकी, ऊन पुढून. आणि दिसलं! मोठं, निळंशार, गोलसर पाणी. मी पटापट फोटो काढले. ठाण्यात पोचेपर्यंत ते माहेरच्या ग्रुपवर, सासरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर गेले होते. ज्या बाईंनी सहल नेली होती त्यांचा नंबर एका वर्गमैत्रिणीकडून मिळवून त्यांनाही पाठवला, खाली चार ओळी लिहून. बाईंचं उत्तर लगेच आलं. आठवण ठेवलीस, खूप बरं वाटलं, असं.

माझा भाऊ पाटबंधारे खात्यात होता. रात्री त्याचा फोन.

“ताई, ते फोटोत काय आहे?”

“लोणार.”

“डाव्या बाजूला सरळ रेघ दिसून राहिली का तुला?”

दिसत होती. मी तिला रस्ता समजले होते.

“ती भिंत आहे. खडकपूर्णा आहे हे. उल्केनं भिंत बांधली होती काय?”

मग त्याने पंधरा मिनिटं माझी शाळा घेतली आणि ती खरोखर उपयोगी पडली. धरणाचं पाणी प्रत्येक ओढ्या-नाल्यात मागे शिरतं, त्यामुळे त्याचा काठ तीन बाजूंनी फाटलेला असतो आणि चौथ्या बाजूला सरळ किंवा किंचित वळलेली भिंत असते. मराठवाडा-विदर्भाच्या या पट्ट्यात वरून दिसणारं जवळजवळ प्रत्येक मोठं पाणी असंच माणसाने अडवलेलं आहे. लोणारला भिंत नाही, ओढ्यांत घुसलेलं पाणी नाही. काठ अखंड गोल आणि त्याभोवती झाडीचा गडद पट्टा. पाणीही धरणासारखं निळं क्वचित दिसतं, ते हिरवट असतं. २०२० च्या जूनमध्ये तर ते गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून, खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं होतं. मी फोटोला ‘निळंशार लोणार’ असं नाव दिलं होतं.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली. भिशीवाल्यांना काही फरक पडला नाही. बाईंना मात्र मी खरं अजून कळवलेलं नाही. त्यांनी तो फोटो त्यांच्या नातवाला दाखवला, असं नंतर कानावर आलं आणि मग तर धीरच झाला नाही.

मधल्या काळात एकदा खिडकीच नसलेली खिडकीची जागा मिळाली. पंखावर बसलं की खालचं काही दिसत नाही, मागे बसलं तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेत खालचं चित्र थरथरतं, म्हणून पंखाच्या जरा पुढची जागा घ्यायची, हे तोवर शिकले होते. तशी डावीकडची जागा जादा पैसे भरून घेतली. जाऊन बसते तर शेजारी गुळगुळीत प्लॅस्टिकची भिंत. पुढच्या रांगेची खिडकी माझ्या गुडघ्यापुढे, मागची पाठीमागे. बोइंग ७३७ मध्ये पोटातल्या यंत्रातून थंड हवा छतापर्यंत नेणारे नळ बाजूच्या भिंतीतून वर जातात आणि जिथून ते जातात तिथे खिडकी ठेवता येत नाही. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मी केबिन क्रूमधल्या मुलीशी हुज्जत घातली. मोबाइलवरच्या आराखड्यात खिडकी दाखवली होती, पैसे घेतले होते, वगैरे. बोलणं सगळं खरं होतं, पण आवाज नको तितका चढला होता आणि त्या पोरीच्या हातात काहीच नव्हतं. याच कारणावरून अमेरिकेत २०२५ मध्ये दोन मोठ्या विमान कंपन्यांवर प्रवाशांनी खटले भरले, हे वाचलं तेव्हा थोडं समाधान वाटलं, पण त्या मुलीवर ओरडले ते ओरडलेच.

आणि त्या आजोबांचं. ते सांगायचं टाळत होते. ऑगस्टमधलं विमान. माझी जागा खिडकीची, मधल्या जागेवर धोतर-टोपीतले एक आजोबा, कडेला त्यांचा नातू. नातवाने अदबीने विचारलं, “काकू, आजोबांना खिडकीशी बसू देता का? पहिल्यांदाच बसलेत विमानात.” मी म्हटलं, “मला जरा बघायचंय.” आजोबा लगेच म्हणाले, “राहू दे रे.” विमान उडालं, दोन मिनिटांत ढगात शिरलं, ढगांच्या वर आलं आणि नागपूरपर्यंत खाली पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. ऑगस्टात सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत ढग असणार, हे सांगायला हवामान खातं लागत नाही. आता जागा दिली तर मघाशी नाकारली कशाला, असं होईल, म्हणून मी सगळा वेळ काचेला कपाळ लावून बाहेर पाहत बसले, जणू ढगांतच माझं काही काम होतं. आजोबा अधूनमधून माझ्या खांद्यावरून डोकावायचे. ढग त्यांना आवडले असते. उठून जागा द्यायला मला दोन मिनिटं लागली असती.

लोणारपुरतीच माझी अक्कल गहाण होती असं कोणाला वाटू नये म्हणून काठमांडूचंही सांगते. दिल्लीहून निघताना डावीकडच्या खिडक्या घेतल्या होत्या आणि त्या अगदी बरोबर होत्या. हिमालय उत्तरेला, सूर्य दक्षिणेला, म्हणजे ऊन आपल्या पाठीमागून जाऊन समोरच्या बर्फावर पडतं. उत्तर भारतात पूर्व-पश्चिम प्रवासात याहून चांगली जागा नाही. मुलगी पहाटे उठलेली, पेंगत होती. तिला म्हटलं, झोप, एव्हरेस्ट आला की उठवते. थोड्या वेळाने क्षितिजावर पांढरी रांग उगवली. त्यातून एक अजस्र धूड वर आलं, मग एक खोल खिंड, मग शिखरांचा एक अख्खा जमाव, त्यात शेपटीसारखी दुभंगलेली एक सुळकी. मग आणखी एक उंच, एकटं. मी घड्याळ बघत बसले. हे आधीचे डोंगर, एव्हरेस्ट शेवटी येणार. शेवटी काठमांडूचं खोरं आलं आणि विमान खाली उतरलं.

एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे. दिल्लीचं विमान तिथवर जातच नाही. हॉटेलच्या भिंतीवर शिखरांची नावं लिहिलेलं लांबलचक चित्र होतं. त्यावर बोट ठेवून मी ‘आधीचे डोंगर’ ओळखले. पहिलं धूड धवलगिरी, ८,१६७ मीटर. खिंडीतून वाहते ती काली गंडकी. जमाव अन्नपूर्णेचा, तिचं मुख्य शिखर ८,०९१ मीटर आणि दुभंगलेली सुळकी माछापुच्छ्रेची. एकटं होतं ते मनास्लू, ८,१६३ मीटर. आठ हजार मीटरच्या वर डोकं काढणारी शिखरं साऱ्या जगात चौदा आहेत. त्यांतली तीन समोरून गेली आणि मी पोरीला झोपू दिलं. ती हे अजून ऐकवते. येताना उजव्या खिडक्या घेतल्या होत्या, पण दुपारपर्यंत ढग चढले होते. डोंगर बघायचे तर सकाळचं विमान, हे तेव्हा कळलं.

लोणार दिसलं ते मे महिन्यात, भाच्याच्या लग्नाला जाताना. सकाळचं विमान, उजवीकडची, पंखाच्या पुढची खिडकी. क्षितिज धुळीने मळलेलं होतं, पण जवळचं स्पष्ट होतं. या वेळी मी घड्याळावर विसंबले नाही, खुणांवर चालले. विमान काही फूटपट्टीने जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी, नियंत्रकांच्या सांगण्यानुसार इकडे-तिकडे सरकतं, त्यामुळे मिनिटं चुकतात, क्रम चुकत नाही. आधी सह्याद्रीचे कडे, मग मुळा धरण, मग बराच वेळ कोरडी तपकिरी जमीन आणि नंतर पैठणचा नाथसागर. तो चुकवणं अशक्य. एवढं पाणी वाटेत दुसरं नाही आणि दहाएक किलोमीटर लांबीची त्याची मातीची भिंत वरूनही ओळखू येते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेलं, काठाला गाळाचे फिकट पट्टे. नाथसागर मागे पडला की दहा-बारा मिनिटं. समृद्धी महामार्गाची लांब फिकट रेघ शोधायची आणि मेहकरच्या सुमाराला तिच्या दक्षिणेकडे पाहायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. इतकी वर्षं मी खिडकीला नाक लावून सरळ खाली पाहत होते. तीस किलोमीटरवरची वस्तू दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून पायाखाली दिसत नसते. नजरेच्या पातळीपासून थोडी खाली, बरीचशी दूर पाहावी लागते. तसं पाहिलं आणि हात लांब करून तिरपं धरलेल्या रुपयाच्या नाण्याएवढं लोणार तिथे होतं. गोल. पूर्वेकडच्या काठाची सावली आत उतरलेली, भोवती झाडीचा काळपट हिरवा पट्टा, मध्ये मळकट हिरवं पाणी, आणि आजूबाजूची सगळी शेतं चौकोनी, नांगरून पडलेली. त्या चौकोनांत तो गोल इतका परका दिसत होता की आधी चुकला कसा, याचंच नवल वाटलं. दीडेक मिनिट असेल. या वेळी मधल्या जागेवर कॉलेजातली एक मुलगी होती. मी न विचारता तिला खिडकीकडे ओढलं. तिने कानातलं काढून पाहिलं, “ओके” म्हणाली आणि परत कानात घातलं.

फोटो फक्त भावाला पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: “भिंत नाही. मान्य.”

या दिवाळीचंही तिकीट काढून ठेवलंय. परतीचं विमान दुपारी चारचं, डावीकडची ए, पंखाच्या पुढे; विमान कोणतं लागणार आहे आणि त्या रांगेला खिडकी आहे ना, हेही पाहून घेतलं. काल मेसेज आला की विमान आता सव्वासहाला सुटेल. नागपुरात त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बदल मान्य नसेल तर कारण निवडा, असं खाली लिहिलंय: प्रकृती, पुढचं विमान चुकणं, इतर. मी ‘इतर’वर बोट ठेवलं तर एक रिकामा चौकोन उघडला. भावाला विचारलं, यात काय लिहू?

“लिही, ऊन पाहिजे म्हणून,” तो म्हणाला. “पाहू, काय उत्तर देऊन राहिले ते.”